स्वयंचलित घड्याळ : कमानीचा ताण आणि त्याची राखण

मनगटी घड्याळाच्या ज्या प्रकाराला बाजारात सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, त्यात बॅटरी नसते आणि रोज चावी देण्याची सक्तीही नसते. घड्याळ बांधणाऱ्याचा हात दिवसभरात जसा हलतो, त्या हालचालीतूनच त्याला चालण्याची शक्ती मिळते. या सोयीमुळे अशा घड्याळाकडे फारसे लक्ष द्यावे लागत नाही असा समज रूढ झाला असून, चांगली घड्याळे अकाली झिजण्यामागे हा समज बऱ्याचदा असतो. घड्याळ किती अचूक वेळ दाखवेल, रात्री काढून ठेवल्यावर किती तास चालेल आणि त्याची चाके किती वर्षे टिकतील, हे बव्हंशी आतल्या एका धातूच्या पट्टीच्या ताणावर आणि तो ताण ज्या मार्गाने खर्च होतो त्या मार्गाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. हा ताण कसा भरतो, कसा उतरतो आणि कशाने वाया जातो हे एकदा नीट समजले, की घड्याळाच्या निगेचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

ही पट्टी म्हणजे घड्याळाची मुख्य कमान. साधारण फूटभर लांब आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाडी असलेली ही कमान दातेरी कडेच्या एका चपट्या डबीत गुंडाळून बसवलेली असते. तिचे आतले टोक डबीच्या मधल्या आसाला अडकवलेले असते आणि बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला टेकलेले असते. आस फिरवला की कमान त्याच्याभोवती घट्ट गुंडाळली जाते, आणि मोकळी होण्याच्या धडपडीत ती डबीला फिरवते. डबी आपल्या दात्यांनी पुढच्या चाकांना फिरवते आणि ही चाकांची मालिका शेवटी एका तोलचक्रापर्यंत येऊन पोचते. तोलचक्र म्हणजे एक छोटे, कडेला जड असे चाक. त्याला केसासारखी बारीक, सर्पिल आकाराची दुसरी कमान जोडलेली असते, तिला केसकमान म्हणतात. या दोन भागांची जोडी झोपाळ्यासारखी एका ठरावीक गतीने मागेपुढे झुलत राहते, आणि प्रत्येक झोक्यागणिक ‘एस्केपमेंट’ नावाची अडवण्या-सोडण्याची यंत्रणा चाकांना एकेक दाता पुढे सरकू देते व जाता जाता तोलचक्राला एक हलकासा धक्का देते. घड्याळ कानाशी धरल्यावर जी टिकटिक ऐकू येते, ती याच अडवण्या-सोडण्याची असते. आजच्या बहुतेक स्वयंचलित घड्याळांत हे टोले सेकंदाला सहा किंवा आठ, म्हणजे तासाला २१,६०० किंवा २८,८०० पडतात.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की तोलचक्राचा झोका मोठा असो वा लहान, त्याला लागणारा वेळ सारखाच राहावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र ही अपेक्षा पूर्णपणे कधीच पुरी होत नाही. कमान पूर्ण भरलेली असताना सुस्थितीतील घड्याळाचे तोलचक्र मध्यबिंदूपासून एका बाजूला साधारण २७० ते ३०० अंशांपर्यंत फिरते. ताण उतरत गेला की हा आवाका कमी होतो, आणि आवाका जसजसा कमी होतो, तसतसा तोलचक्रातील सूक्ष्म असमतोल, घड्याळ आडवे आहे की उभे याचा फरक आणि आसांचे घर्षण या सगळ्यांचा परिणाम वेळेवर अधिक ठळकपणे दिसू लागतो. म्हणून घड्याळ केवळ चालू असणे आणि भरल्या कमानीवर चालू असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. दिवसभर मनगटावर असूनही जे घड्याळ जेमतेम अर्ध्या ताणावर रखडत असते, त्याच्या मालकाला ते ‘मागे पडते’ असे वाटते, आणि यंत्रात कोणताही दोष नसताना ते दुरुस्तीला जाते.

हाताच्या किंवा शरीराच्या हालचालीने घड्याळातले एक वजन हलवून कमान भरण्याची कल्पना मनगटी घड्याळाहून फार जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील ल लॉक्ल येथील अब्राहम-लुई पेर्ले यांनी १७७० च्या दशकात असे खिशातील घड्याळ तयार केले, आणि जिनिव्हाच्या कला संस्थेच्या १७७७ मधील अहवालात, पंधरा मिनिटे चालल्याने ते आठ दिवसांपुरते भरते अशी नोंद झाली. १७७८ मध्ये लिएजच्या ह्युबेर सार्तों यांनी पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाच्या घड्याळाचा आराखडा पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. या शोधाचे श्रेय नेमके कोणाचे याविषयी घड्याळांच्या इतिहासकारांत अजूनही वाद आहे. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १७८० पासून अशी घड्याळे धनिकांना विकली, तरी हा प्रकार त्या काळी रुजला नाही, कारण कोटाच्या खिशात घड्याळ उभे आणि बऱ्यापैकी स्थिर राहते, आणि त्यातले वजन हलायला पुरेसा वाव मिळत नाही. ही कल्पना उपयोगी ठरण्यासाठी घड्याळाला खिशातून मनगटावर यावे लागले, आणि ते सर्वसामान्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळात घडले.

युद्धानंतर जॉन हारवुड या इंग्रज घड्याळ-दुरुस्ती कारागिराच्या लक्षात आले, की घड्याळे खराब होतात ती मुख्यतः चावीच्या दांड्याच्या भोकातून शिरणाऱ्या धुळीने आणि ओलाव्याने. त्यांनी चावीच काढून टाकण्याचे ठरवले. १९२४ मध्ये त्यांना स्विस पेटंट मिळाले आणि त्यांच्या घड्याळात काटे फिरवण्यासाठी काचेभोवतीचे कडे वापरावे लागे. त्यातील वजन पूर्ण गोल फिरत नसे. दोन्ही टोकांच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटून ते मागेपुढे होई आणि एकाच दिशेच्या हालचालीने कमान भरे. जागतिक मंदीत हारवुड यांची कंपनी बुडाली, पण त्यांनी मांडलेला विचार पुढे टिकला, आणि स्वयंचलित घड्याळाच्या निगेचा विचार करताना तो आजही विसरण्यासारखा नाही: चावीचे भोक हे घड्याळाचे सर्वांत दुबळे दार आहे, आणि ते जितके कमी उघडावे लागेल तितके बरे.

१९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारे अर्धवर्तुळाकार वजन, म्हणजे ज्याला आज ‘रोटर’ म्हणतात ते, आपल्या घड्याळात बसवले. १९४८ मध्ये एटर्ना कंपनीने हा रोटर पाच बारीक गोळ्यांच्या बेअरिंगवर बसवून त्याचे घर्षण फार कमी केले, आणि त्या पाच गोळ्या पुढे कंपनीचे बोधचिन्ह झाल्या. रोटर कोणत्याही दिशेला फिरला तरी कमान एकाच दिशेने भरावी यासाठी वेगवेगळ्या युक्त्या निघाल्या. आयडब्ल्यूसी कंपनीचे तांत्रिक प्रमुख आल्बेर पेलातों यांनी रोटरला एक हृदयाकृती चकती जोडून तिच्या हेलकाव्याने दोन खिट्ट्या आळीपाळीने ओढण्याची रचना केली. जपानच्या सेकोने १९५९ मध्ये ‘मॅजिक लिव्हर’ नावाची, अगदी थोड्या भागांत तेच काम करणारी दुहेरी खिट्टी आणली, आणि स्वस्त घड्याळांतही उत्तम भरण शक्य झाले. साधेपणाच्या दृष्टीने पाहता या सर्व रचनांत सेकोची रचना सर्वांत सरस ठरते.

रोटर दिवसभर फिरतच असतो. मग कमान पूर्ण भरल्यावर काय होते? या प्रश्नाचे उत्तर मनगटी घड्याळाच्याही आधी सापडले होते. पाटेक फिलिपचे आद्रिएं फिलिप यांनी १८६३ मध्ये सरकत्या कमानीची कल्पना मांडली. चावीच्या साध्या घड्याळात कमानीचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला पक्के अडकवलेले असते, त्यामुळे कमान भरली की चावी अडते आणि बोटांना ते स्पष्ट कळते. स्वयंचलित घड्याळात या टोकाला एक ताठ तुकडा जोडलेला असतो, आणि तो भिंतीवर केवळ दाबाने धरून राहतो. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की हा तुकडा भिंतीवरून थोडा घसरतो आणि जास्तीचा ताण सुटतो. म्हणून ‘चावी जास्त दिल्याने घड्याळ बिघडले’ ही तक्रार स्वयंचलित घड्याळाच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच निराधार असते. अर्थात ही घसरण योग्य ताणावरच व्हावी यासाठी डबीच्या भिंतीला एक विशिष्ट घट्ट ग्रीस लावलेले असते. ते झिजले तर कमान लवकर घसरते आणि घड्याळ रात्रभरही टिकत नाही. उलट कारागिराने चुकीचे ग्रीस लावले तर कमान वेळेवर घसरत नाही, तोलचक्राचा झोका प्रमाणाबाहेर जाऊन त्यातील खडा मागून अडवणाऱ्या भागावर आपटतो आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावते. अशा घड्याळाची टिकटिक दुडक्या चालीची येते, आणि अनुभवी कारागीर ती कानानेच ओळखतो.

काही रचनांत रोटर एकाच दिशेने कमान भरतो आणि दुसऱ्या दिशेने मोकळा फिरतो. सिटिझन या जपानी कंपनीच्या ८२०० मालिकेची आणि तिच्याच घराण्यातील मियोता ८२१५ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्राची रचना अशी आहे. मोकळ्या दिशेने फिरताना रोटर गरगरतो, त्याचा आवाज येतो आणि मनगटाला थरथरही जाणवते. हा दोष नव्हे, आणि त्यासाठी घड्याळ उघडून घेण्याचे काही कारण नाही. भारतीय वाचकाला ही रचना परकी वाटू नये, कारण १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवू लागलेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, या सरकारी कंपनीची ‘कांचन’, ‘रजत’ यांसारखी स्वयंचलित घड्याळे जपानी रचनेवरच आधारलेली होती. लग्नात जावयाला द्यायच्या वस्तूंत एके काळी त्यांना मोठा मान होता, आणि अनेक मराठी घरांच्या कपाटांत ती अजूनही आहेत.

घड्याळ भरायला किती हालचाल लागते हे यंत्रागणिक बदलते. बहुतेकांना रोटरच्या दिवसाला सुमारे साडेसहाशे ते आठशे फेऱ्या पुरतात. चालणे, स्वयंपाक, भांडी, फळ्यावर लिहिणे, दुकानात माल काढून देणे अशा कामांत हात मोकळा हलतो आणि आठ-दहा तासांत कमान सहज भरते. संगणकापुढे बसणाऱ्याची बोटे चालतात, मनगट मात्र टेबलावर टेकलेले असते. वृद्ध किंवा आजारी व्यक्तीच्या हातावर तर चांगले घड्याळही संध्याकाळपर्यंत अर्धवटच भरते. अशा वेळी घड्याळात दोष शोधण्यापेक्षा रोज किंवा एक दिवसाआड थोडी चावी देणे हाच योग्य उपाय आहे. पूर्ण भरलेले साधारण घड्याळ काढून ठेवल्यावर ३८ ते ४२ तास चालते. अलीकडच्या काही यंत्रांत हा अवधी ७० ते ८० तासांवर नेलेला आहे, त्यामुळे शुक्रवारी रात्री काढलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडते.

बंद पडलेले घड्याळ पुन्हा वापरायचे असेल तर ते आधी हातातून काढलेले असावे. मनगटावर असताना चावी फिरवली तर बोटांचा जोर तिरपा लागतो आणि चावीचा बारीक दांडा वाकण्याची किंवा त्याच्या भोकातील रबरी कडे एका बाजूने झिजण्याची शक्यता असते. चावी आट्यांची असेल तर ती आधी उलट फिरवून मोकळी करावी, आणि मग बाहेर न ओढता, आहे त्याच जागी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश वीस ते तीस फेरे द्यावेत. स्वयंचलित घड्याळात चावी अडत नसल्याने कमान भरल्याची खूण हाताला मिळत नाही. फेरे मोजणे हाच मार्ग. नुसते दोन-चार वेळा हलवून घड्याळ चालू करून हातावर बांधले, तर ते पहिले काही तास अपुऱ्या ताणावर चालते आणि त्या दिवसाची वेळ भरवशाची राहत नाही. सेकोच्या ७एस२६ सारख्या, भारतात फार मोठ्या संख्येने असलेल्या यंत्रांना मात्र चावी देण्याची सोयच नाही. ती घड्याळे तबकडी वर ठेवून, हातात आडवी धरून, अर्धा मिनिट डावीकडून उजवीकडे हळुवार धनुष्याकृती वळणाने झुलवावीत, आणि उरलेला ताण हाताला भरू द्यावा. जोरजोराने झटके देण्याने रोटर अधिक फिरत नाही, त्याच्या आसावर मात्र भार पडतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. दोन्ही दिशांनी भरणाऱ्या अनेक यंत्रांत दिशा बदलणारी दोन नाजूक चाके असतात, आणि चावी देताना त्यांनी रोटरपासून सुटे राहावे अशी अपेक्षा असते. ती चाके कोरडी पडली किंवा मळली, तर चावी फिरवताना रोटरही सोबत गरागरा फिरू लागतो. मागची काच पारदर्शक असलेल्या घड्याळात हे डोळ्यांना दिसते, इतरांत चावी जड लागते. असे आढळले तर चावी देणे ताबडतोब थांबवून घड्याळ साफसफाईला द्यावे, कारण त्या अवस्थेत दिलेला प्रत्येक फेरा त्या चाकांचे दाते खात असतो. हे भाग लहान असले तरी सर्वत्र मिळत नाहीत.

तारीख बदलण्याच्या यंत्रणेने जेवढी घड्याळे बिघडली असतील, तेवढी पाण्यानेही बिघडली नसतील. तारखेची चकती बदलणारे चाक मध्यरात्रीच्या बरेच आधी तिच्या दात्यांत शिरते आणि मध्यरात्रीनंतरही काही वेळ तेथेच असते. या काळात, म्हणजे साधारण रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत, चावी अर्धी ओढून तारीख झटपट पुढे नेली तर दोन्हीकडून ताण येऊन एखादा दाता तुटू शकतो. आणि ही वेळ खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची नसून हातातल्या घड्याळाच्या काट्यांची असते, हे लक्षात न घेतल्याने दुपारी बारा वाजता तारीख बदलणाऱ्याकडूनही हे नुकसान होते, कारण बंद पडलेले घड्याळ कदाचित रात्रीचे बारा दाखवत असते. निर्धोक पद्धत अशी, की आधी काटे पुढे फिरवत न्यावेत, तारीख कोठे बदलते ते पाहून मध्यरात्र ओळखावी, तेथून काटे सकाळच्या सहा-साडेसहापर्यंत आणावेत, मग आदल्या दिवसाची तारीख लावावी, आणि शेवटी काटे पुढे नेत आजच्या तारखेवर व वेळेवर यावे. वार दाखवणाऱ्या घड्याळालाही हेच लागू आहे.

अनेक घड्याळे बाळगणाऱ्यांसाठी बाजारात फिरत्या पेट्या मिळतात, ज्यांत ठेवलेले घड्याळ विजेवर फिरून भरत राहते. जी घड्याळे महिन्याचे दिवस आणि लीप वर्षही स्वतः मोजतात, त्यांच्यासाठी अशी पेटी उपयुक्त आहे, कारण ती पुन्हा लावणे किचकट असते. साध्या तारखेच्या घड्याळाला तिची गरज नाही. न वापरता चालत ठेवलेले घड्याळ वापरलेल्या घड्याळाइतकेच झिजते.

अचूकतेबाबतच्या अपेक्षा वास्तवाला धरून असाव्यात. दिवसात ८६,४०० सेकंद असतात; त्यात दहा सेकंदांची चूक म्हणजे साडेआठ हजारांत जेमतेम एका भागाची चूक. स्विस प्रमाणपत्र मिळवणाऱ्या घड्याळाच्या यंत्राला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते, तर सेकोच्या साध्या यंत्रांसाठी कंपनीच २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी मर्यादा सांगते. आपले घड्याळ कोठे बसते हे पाहायचे असेल तर मोबाइलवरील वेळेशी आठवडाभर रोज एकाच वेळी ताडून पाहावे. एका दिवसाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. रात्री घड्याळ कोणत्या अवस्थेत ठेवले जाते यानेही फरक पडतो: तबकडी वर करून सपाट ठेवल्यास त्याची गती एक असते, चावी खाली करून उभे ठेवल्यास वेगळी. दिवसा पुढे जाणारे घड्याळ ज्या अवस्थेत मागे पडते तीच अवस्था रात्रीसाठी निवडली, तर दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी भरून काढतात. काही दिवसांच्या निरीक्षणाने ही अवस्था सापडते आणि तिला कारागिराची गरज लागत नाही.

एखादे घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर पहिला संशय चुंबकत्वाचा घ्यावा. केसकमानीचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांना चिकटले की तिची कामाची लांबी कमी होते, ती अधिक ताठ वागते आणि तोलचक्र वेगाने झुलू लागते. शार्ल एदुआर गिय्योम यांना ज्या निकेल-पोलाद मिश्रधातूंवरील संशोधनासाठी १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्यामुळे केसकमानी तापमानाला निर्धास्त झाल्या. चुंबकापासून मात्र त्या पूर्ण सुरक्षित झाल्या नाहीत. मोबाइल व टॅबलेटच्या झाकणांतील चुंबक, पर्सची बटणे, ध्वनिवर्धक आणि फ्रीजच्या दारावर चिकटवायच्या शोभेच्या वस्तू ही आजच्या घरातील नेहमीची कारणे आहेत. चुंबकाचा प्रभाव अंतरासोबत फार झपाट्याने उतरतो, त्यामुळे वीतभर अंतर राखणे बहुधा पुरते. आणि चुंबकित झालेले घड्याळ उघडावे लागत नाही. कारागिराकडील छोट्या विद्युत उपकरणावर ते काही सेकंदांत पूर्ववत होते.

धक्क्यांपासून तोलचक्राच्या आसाचे रक्षण करणारी, स्प्रिंगवर बसवलेल्या खड्यांची व्यवस्था १९३० च्या दशकात आली आणि आता ती जवळपास सर्व घड्याळांत असते. तरीही भिंतीला ड्रिल मारताना, हातोडा चालवताना किंवा क्रिकेट खेळताना घड्याळ काढून ठेवणे इष्ट, कारण रोटरचे जड वजन ज्या लहानशा बेअरिंगवर किंवा आसावर तोललेले असते, त्याला अशी मालिकेने येणारी कंपने सोसत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत घड्याळावर छापलेल्या आकड्याने सर्वाधिक गैरसमज केले आहेत. ‘३० मीटर’ याचा अर्थ प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली, नवे असताना झालेली चाचणी एवढाच आहे; हात धुताना उडणारे थेंब आणि पावसाची सर यांच्यापुढे असे घड्याळ नेऊ नये. पोहण्यासाठी किमान शंभर मीटरची खूण असावी, आणि आट्यांची चावी पूर्ण बसलेली असावी. गरम पाण्याची आंघोळ तर कोणत्याही घड्याळाला अयोग्यच, कारण उष्णतेने रबरी कडी आणि धातू कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावतात, वाफ फटींतून आत शिरते आणि गार झाल्यावर तिचे पाणी होते. ही रबरी कडी वर्षांगणिक कडक होतात, म्हणून जुन्या घड्याळावरचा आकडा हा त्याच्या आजच्या अवस्थेविषयी काहीच सांगत नाही.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत ही बाब अधिकच गंभीर ठरते. पावसाळ्यातील दमट हवा, घाम आणि समुद्राचा खार यांनी चावीच्या मुळाशी, मागच्या झाकणाच्या खाचेत आणि पट्ट्याच्या दांड्यांपाशी मळ साचून गंज धरतो. दमट रस्त्यावरून वातानुकूलित कचेरीत शिरल्यावर काचेवर आतून धुके दिसले आणि ते बराच वेळ राहिले, तर ओलावा आत गेला आहे असे समजावे. अशा वेळी चावी उघडून घड्याळ उन्हात ठेवणे किंवा तांदळाच्या डब्यात पुरणे हे दोन्ही उपाय फसवे आहेत, कारण धुके गेले तरी आतल्या पोलादी भागांवर पडलेला ओलावा आपले काम करत राहतो. एक-दोन दिवसांत ते उघडून सुकवून घेणे हाच खरा उपाय. समुद्रात उतरल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे, घामट दिवसांनंतर मऊ कोरड्या कापडाने पुसावे, आणि चामड्याचा पट्टा पावसाळ्यापुरता रबरी किंवा नायलॉनच्या पट्ट्याने बदलावा.

हे सर्व सांभाळले तरी तेलाचे वय टळत नाही. घड्याळातील वेगवान आस कृत्रिम माणकांच्या भोकांत फिरतात; असे माणिक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हर्नुई यांच्या १९०२ मधील पद्धतीमुळे स्वस्तात बनू लागले, आणि तबकडीवर लिहिलेली ‘२१ ज्युएल्स’ ही संख्या त्यांचीच असते. प्रत्येक आसापाशी तेलाचा अतिसूक्ष्म थेंब असतो, आणि भार व वेग यांनुसार तेलाची जातही वेगळी असते: डबी व चावीच्या भागांना घट्ट ग्रीस, शेवटच्या चाकांना पातळ तेल. पूर्वी यासाठी पॉर्पस या सागरी सस्तन प्राण्याच्या जबड्यातील तेल वापरत, आणि ते काही वर्षांत चिकट होई; आजची कृत्रिम तेले अधिक टिकतात, पण तीही सरकतात, उडतात आणि धातूच्या कणांनी काळवंडतात. सेकंदाला सहा टोले देणारे घड्याळ पाच वर्षे अखंड चालले तर सुमारे ९४ कोटी ६० लाख टोले देते. एवढे श्रम करणारे यंत्र चार ते सहा वर्षांतून एकदा पूर्ण सुटे करून, धुऊन, नव्याने तेल घालून घ्यावे. दुकानात उभ्या उभ्या मागचे झाकण उघडून वरून तेल टाकणे याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. जुन्या मळात नवे तेल मिसळले की झीज वाढतेच. चांगला कारागीर काम करण्याआधी आणि झाल्यावर यंत्रावर घड्याळाची गती व झोक्याचा आवाका मोजतो, निरनिराळ्या अवस्थांतील आकडे दाखवतो, रबरी कडी बदलतो आणि काढलेले भाग परत देतो. ग्राहकाने हे सर्व मागून घ्यावे. त्यात अविश्वास नसून कामाची कदर आहे.

एचएमटीची घड्याळ-निर्मिती बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, त्यामुळे तिच्या जुन्या स्वयंचलित घड्याळांचे अस्सल सुटे भाग यापुढे कमीच होत जाणार आहेत. वडिलांचे किंवा आजोबांचे असे घड्याळ वर्षानुवर्षे कपाटात पडून असेल, तर ते हातात घेऊन हलवून ‘चालते का’ हे पाहण्याचा मोह आवरावा. ते चालू होईलही, पण आतले तेल केव्हाच सुकून गेलेले असल्याने प्रत्येक तासाला त्याचे आस कोरडे घासले जातील, आणि जो भाग आज शाबूत आहे तो काही महिन्यांत झिजेल आणि त्याच्या जागी दुसरा मिळणे कठीण होईल. असे घड्याळ आधी जाणत्या कारागिराकडून उघडून स्वच्छ करून घ्यावे, आणि त्यानंतरच त्याला चावी द्यावी.